फसवणूक नेमकी कुणाची?

मजुराच्या नावावर निघालेले पैसे दुसऱ्याच कुणी तरी त्याच्या नावाने अंगठा उठवून उचलतो. तक्रार होते, खटला उभा राहतो, शिक्षा होते किंवा होत नाही, प्रकरण अपिलात जाते आणि काही वर्षांनी निकालपत्र हाती येते. अशी निकालपत्रे वाचताना एक गोष्ट सतत खटकते. ज्याचे पैसे गेले तो माणूस त्यांत फार थोडा वेळ दिसतो. तो सरकार पक्षाचा साक्षीदार असतो. अंगठा आपला नाही आणि पैसे आपल्याला मिळाले नाहीत, एवढे सांगून तो पिंजऱ्यातून उतरतो. पुढची पाने हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत, मूळ दस्त की छायाप्रत, दस्त कुणाच्या ताब्यात होता आणि कोणत्या कलमाचे कोणते घटक सिद्ध झाले, यांनी भरलेली असतात. शेवटी आरोपी सुटतो किंवा अडकतो. मजुरी मात्र कुठे गेली ते निकालपत्रातून कळत नाही, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे नसतोच.

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांसमोर हा विषय आम्ही का मांडत आहोत, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. बनावट दस्त हा लिहिण्याचा आणि वाचण्याचा गुन्हा आहे. कुणी तरी दुसऱ्याच्या नावाने लिहितो, कुणी तरी ते खरे मानून वाचतो, आणि या दोन क्रियांच्या मधून पैसा निसटतो. नाव कुणाचे, लिहिणारा कोण, साक्षीदार कोण, वाचणाऱ्याने काय गृहीत धरले, हे प्रश्न आपल्या वर्गांत रोज चर्चिले जातात. तरीही ज्या संहितांवर लाखो माणसांची भाकरी अवलंबून असते, त्या हजेरीपट, मजुरीची वही, पावती आणि निकालपत्र या संहितांना आपण वाचनाच्या लायकीचे समजत नाही. या समजुतीला आमचा विरोध आहे. आमचे म्हणणे असे की मजुराच्या पैशाच्या बनावट प्रकरणांत आपण नेहमी खोट्या अंगठ्याकडे पाहत राहतो. खोटेपणा मात्र त्या अंगठ्याभोवतीच्या खऱ्या सह्यांत असतो. आणि फसवणूक कुणाची झाली या प्रश्नाचे जे उत्तर कायद्याने मनाशी धरले आहे, त्यात मजुराला जागा नाही.

आधी शब्दाकडे पाहू. इंग्रजी कायद्यातल्या संज्ञेसाठी मराठी कायद्याच्या भाषेने 'तोतयेगिरी करून ठकवणूक' असा शब्दप्रयोग घेतला. 'तोतया' या शब्दाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला, त्याने पेशवाईला काही काळ हैराण केले; न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. तोतया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येते. लहान माणूस मोठ्याचे सोंग घेतो, राज्य मागतो, वारसा मागतो. या गोष्टीत धोका खालून वर जातो. रक्षण करायचे असते ते वरच्यांचे.

भारतीय दंड संहितेचीही कल्पना याहून निराळी नव्हती. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा केला, १८६० साली कायदा झाला, १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. या कायद्याचे एक वैशिष्ट्य असे की कलमांखाली उदाहरणे दिलेली आहेत, आणि ती छोट्या छोट्या कथाच आहेत. तोतयेगिरीच्या ४१६व्या कलमाखाली दोन उदाहरणे होती. पहिल्यात आरोपी आपल्याच नावाच्या एका धनाढ्य पेढीवाल्याचे सोंग घेतो. दुसऱ्यात तो एका मृत व्यक्तीचे सोंग घेतो. बनावटीकरणाच्या ४६४व्या कलमाखाली पतपत्रे, धनादेश, हुंड्या, मिळकतीचे खत, मृत्युपत्र अशा कागदांच्या कथा होत्या. या कथांत गरीब माणूस येतच नाही असे नाही. दोन ठिकाणी तो येतो. एका उदाहरणात भीक मिळवण्यासाठी कुणी तरी दुसऱ्याच्या नावाने स्वतःच्या हलाखीचे पत्र लिहितो. दुसऱ्यात नोकरी मिळवण्यासाठी कुणी तरी चांगल्या चालचलणुकीचा खोटा दाखला बनवतो. म्हणजे गरजू माणूस या कथांत आरोपी आहे. ज्याच्या नावाने लिहिले गेले आणि ज्याची भाकरी गेली, असा गरजू माणूस तिथे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, ४१६ चे ३१९ झाले. पण धनाढ्य पेढीवाला आपल्या जागी कायम आहे.

मजुरीच्या लुटीत मात्र सोंग उलट्या दिशेने घेतले जाते. तिथे वरचा माणूस खालच्याचे सोंग घेतो. मुकादम मजूर होतो, कंत्राटदाराचा कारकून मजूर होतो, गावचा पुढारी आपल्या घरातल्यांना मजूर करतो. त्यासाठी त्याला वेश बदलावा लागत नाही, आवाज बदलावा लागत नाही, खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. भाऊसाहेबांच्या तोतयाला ते सारे करावे लागले, कारण भाऊसाहेबांना ओळखणारी माणसे पुण्यात होती. मजुराला ओळखणारे पैसे वाटणाऱ्या टेबलापाशी कुणी नसते. किंवा असते ते सामील असते. म्हणून हे सोंग सगळ्यांत स्वस्त पडते. त्याला शाईचा एक डाग पुरतो.

आता फसवणुकीची व्याख्या पाहू. दंड संहितेच्या ४१५व्या कलमाप्रमाणे कुणाला तरी फसवून, त्या फसलेल्या व्यक्तीकडून मालमत्ता काढून घेतली, की ठकवणूक होते. मजुराच्या नावाने पैसे काढले तेव्हा फसले कोण? व्याख्येप्रमाणे फसला तो पैसे देणारा: रोखपाल, पोस्टमास्तर, खाते, सरकार. मजूर तर तिथे नव्हताच. त्याला कुणी काही सांगितले नाही, त्याने काही खरे मानले नाही, त्याने काही दिले नाही. त्याच्या गैरहजेरीतच सारा व्यवहार झाला. ४१६व्या कलमाचे स्पष्टीकरण तर याहून पुढे जाते. ज्या व्यक्तीचे सोंग घेतले ती खरी असो की काल्पनिक, गुन्हा होतोच, असे ते सांगते. आरोपीला पळवाट मिळू नये म्हणून ही तरतूद केली आहे आणि ती योग्यच आहे. पण तिचा दुसरा अर्थही डोळ्यांआड करता येत नाही. मजूर हाडामांसाचा असला किंवा हजेरीपटावर कल्पनेने उभा केलेला असला, तरी गुन्ह्याच्या घटकांत काडीचा फरक पडत नाही. पात्र खरे की काल्पनिक हा प्रश्न कादंबरीच्या वर्गात गौण ठरवणे आम्ही समजू शकतो. दिवसभर खडी फोडलेल्या बाईच्या बाबतीत तो गौण ठरावा, हे मात्र पचवणे कठीण आहे.

हा केवळ शब्दच्छल नाही. अपिलांत त्याचे परिणाम दिसतात. बिहारमधील जमिनीच्या एका प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा स्पष्ट केला. जमीन आपली नसताना ती आपलीच आहे असे सांगून कुणी विक्रीखत केले, तर त्याने दुसऱ्या कुणाचे सोंग घेतलेले नसते, म्हणून ते खत 'खोटा दस्त' ठरत नाही. आणि ठकवणूक झालीच असेल तर ती खरेदीदाराची, जमिनीवर हक्क सांगणाऱ्या तक्रारदाराची नव्हे. तामिळनाडूतील एका प्रकरणात एका तोतया बाईने दुसऱ्याच बाईच्या नावाने मुखत्यारपत्र करून दिले होते, आणि त्या मुखत्यारपत्राचा लाभार्थी आरोपी होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बनावटीकरणाचा दोषी तोच, ज्याने खोटा दस्त प्रत्यक्ष बनवला. तो बनवणारा हात तपासात सापडलाच नव्हता, त्यामुळे आरोपीची सुटका कायम राहिली. न्यायालयाने ढिसाळ तपासाबद्दल नाराजी नोंदवली. त्यापलीकडे त्याला जाता येत नव्हते.

ही दोन्ही प्रकरणे मिळकतीची आहेत, मजुरीची नाहीत. पण मजुराच्या अंगठ्यावर ती लावून पाहिली म्हणजे त्यांचे वजन कळते. हजेरीपटावरच्या शंभर अंगठ्यांपैकी कोणता कुणाच्या हाताचा, हे शोधणार कोण? ज्याने अंगठा उठवला तो बहुधा सापडत नाही. ज्याला लाभ झाला त्याने स्वतः काही 'बनवले' नाही. आणि ज्याचे नाव वापरले गेले त्याला कुणी 'फसवले' नाही. तीन वाटा, आणि तिन्ही बंद.

आता त्या अंगठ्याच्या आजूबाजूला पाहू. मजुराचा अंगठा कागदावर कधीच एकटा नसतो. कामाचे मोजमाप घेणाऱ्याची सही असते, हजेरी भरणाऱ्याची असते, वाटप करणाऱ्याची असते, तपासणाऱ्याची असते. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत १९७१ च्या केंद्रीय नियमांत अशी तरतूद होती की मूळ मालकाच्या प्रतिनिधीने वाटपाला हजर राहावे आणि मजुरी आपल्या समक्ष दिली गेली असे नोंदवहीच्या शेवटी प्रमाणित करावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांनी तो जुना कायदा मोडीत काढला. पण 'माझ्या समक्ष' हे दोन शब्द अर्धशतक वह्यांच्या तळाशी लिहिले जात होते. या सह्या खऱ्या असतात. हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवल्या तर तो त्या खऱ्या असल्याचाच अभिप्राय देईल. एका खोट्या अंगठ्याला उभे राहायला तीन-चार खऱ्या सह्यांचा आधार लागतो. खोटे बोलतात त्या या सह्या. अंगठा नुसताच डाग असतो. त्या डागाला 'मजुरी पोचली' असा अर्थ देतात त्या सुशिक्षित सह्या. आणि या सह्या करणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते: रोजच्या कामाच्या रगाड्यात समोर आले त्यावर सही केली, मला काय ठाऊक?

कायद्यात याला उपाय नाही असे आम्ही म्हणत नाही. लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताचे कलम होते आणि आहे, हिशेबात खोटेपणा करण्याचे आहे, कटाचे आहे. पण प्रत्येकात मनातला हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते, आणि 'रगाड्यात सही केली' हे वाक्य नेमके त्या ठिकाणी येऊन उभे राहते. कुंपणच शेत खाते हे गावात सगळ्यांना माहीत असते. कोर्टात मात्र कुंपणाला शेताची माहिती होती हे सिद्ध करावे लागते.

याच्या शेजारी व्यापाऱ्याची सही ठेवून पाहा. एका कंपनीच्या हिशेबनिसाने ४२ धनादेशांवर खोट्या सह्या करून सुमारे सव्वातीन लाख रुपये काढले. कॅनरा बँकेविरुद्धच्या त्या दाव्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की खोट्या सहीचा धनादेश हा खातेदाराचा आदेशच नव्हे; बँकेला ती रक्कम त्याच्या खात्यात खर्ची टाकता येत नाही. कंपनीने आपल्या हिशेबांकडे नीट लक्ष दिले नाही, हा बँकेचा बचावही चालला नाही. तत्त्व स्वच्छ आहे. ज्याने पैसे दिले त्याने योग्य माणसाला दिले की नाही हे त्याने पाहावे. चूक झाली तर ती त्याच्या अंगावर. मग मजुराच्या खोट्या अंगठ्याला हे तत्त्व का लागू होऊ नये? खोटा अंगठा हीसुद्धा पावती नव्हेच. मजुरी अजून देणे आहे. पण व्यवहारात हजेरीपटावर 'रक्कम अदा' असे लिहिले गेले की देणाऱ्याची सुटका होते आणि सिद्ध करण्याचे ओझे मजुराच्या डोक्यावर येते. खातेदाराची खोटी सही शून्य मानली जाते, मजुराचा खोटा अंगठा पूर्ण रक्कम मानला जातो.

बरे, नुकसान तेवढ्या रकमेचेच असते असेही नाही. दिल्लीतल्या एका महिला डॉक्टरने आपल्या तान्ह्या मुलीच्या नावाने मोटार घेतली होती आणि कागदांवर मुलीच्या नावाने सह्या केल्या होत्या. त्या प्रकरणात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने कपटाची व्याख्या केली. कपटाला फसवणूक आणि इजा हे दोन्ही घटक लागतात. तिथे कुणाचे काही गेले नव्हते म्हणून त्या बाई सुटल्या. पण त्याच निकालात 'इजा' म्हणजे केवळ पैशाचे नुकसान नव्हे, शरीराला, मनाला, लौकिकाला पोचलेली हानीही तीत येते, असे सांगितले आहे. हा विचार मजुराच्या बाबतीत कुणी पुढे नेत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. त्या कुटुंबाच्या नावाने खोटे दहा दिवस भरले गेले तर दहा दिवसांची रक्कम तर चोरली जाईच, शिवाय हमीतले दहा दिवसही कागदोपत्री संपत. खरे काम मागायला गेल्यावर 'तुमचे दिवस भरले' असे ऐकावे लागे. म्हणजे झालेल्या श्रमाची नव्हे, होऊ शकणाऱ्या श्रमाचीही चोरी. यापेक्षा मोठी इजा कोणती?

अंगठ्याची कथाही नीट सांगितली पाहिजे, कारण आज सगळीकडे अंगठा म्हणजे गरिबाच्या पैशाचे कुलूप असे सांगितले जाते. बंगालमध्ये जंगीपूर येथे १८५८ साली विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई या पुरवठादाराच्या पंजाचा ठसा घेतला. उद्या त्याने करार नाकारू नये, त्याच्या मनात धाक बसावा, हा आपला हेतू होता असे हर्शेलनेच पुढे लिहून ठेवले. १८७७ साली हुगळीला त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने वेतन घेऊ नये म्हणून. दस्तनोंदणीत आणि तुरुंगातही तीच पद्धत त्याने आणली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे वर्गीकरणाची जी पद्धत बसवली तिला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, हेन्रीचे, मिळाले. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात ठसेतज्ज्ञाच्या मताला जागा झाली. या सबंध इतिहासात ठशाचे काम एकच आहे: तिजोरीचे माणसापासून रक्षण करणे. माणसाचे तिजोरीपासून रक्षण करण्यासाठी अंगठा कधी घेतला गेलाच नाही. लेखणी ज्यांच्या हाती, त्यांचे ठसे कुणी मागितले नाहीत. त्यांच्या सहीवर विश्वास होता.

तेव्हा आधुनिक यंत्राने अंगठा वाचला म्हणून हा संबंध बदलतो असे मानणे भाबडेपणाचे आहे. श्रमाने रेषा झिजलेल्या बोटाला यंत्र नकार देते. २०१८ च्या आधार निकालातील अल्पमताच्या निकालपत्रात अशा वगळले जाण्याची गंभीर चर्चा आहे. आणि ज्या वर्षी तो निकाल लागला त्याच वर्षी तेलंगणात, नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या खरेदीखतांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांच्या कृत्रिम प्रती बनवल्याचे प्रकरण उघडकीला आले. खऱ्या बोटाला नकार आणि बनावट बोटाला होकार, हे आजच्या यंत्राला शक्य आहे. कालचा डाग निदान कोर्टात वाद घालण्याजोगा होता. आज 'यंत्राने ओळखले' म्हटले की मजुराचे बोलणे संपते.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. फौजदारी कायदा काटेकोरच वाचला पाहिजे. कलमे सैल केली तर त्यांत पहिला अडकेल तो गरीबच. वर आम्हीच सांगितले की कायद्याच्या उदाहरणांत गरजू माणूस आरोपी म्हणून येतो. हजेरीपटाच्या प्रकरणातही चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला वेळ लागत नाही; मोठे सुटतात आणि ज्याच्याकडून अंगठे उठवून घेतले तो शिपाई किंवा रोजंदार अडकतो. हे आम्हाला मान्य आहे. म्हणून २००९ आणि २०१८ चे निकाल चुकीचे आहेत असे आमचे म्हणणे नाही. पुरावा नसताना शिक्षा व्हावी असे तर मुळीच नाही. शिक्षा वाढवण्यातही आम्हाला अर्थ दिसत नाही. नव्या संहितेने तोतयेगिरीची कमाल कैद तीन वर्षांवरून पाच केली. त्याने एकाही मजुराच्या हातात एक रुपया जास्त पडत नाही. आमचे भांडण दोन गोष्टींशी आहे: सिद्ध करण्याचे ओझे कुणावर, आणि खटल्यात मजूर कोण.

पहिल्या गोष्टीला आपल्याच भूमीत आधार आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात आणि नंतर पुणे-नगरच्या अनेक गावांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची खते, रोखे हिसकावून जाळले. माणसांवर फारसा हात टाकला नाही. राग कागदावर होता. निरक्षर म्हणून ज्यांना हिणवले गेले, त्यांनी दस्ताचे मर्म अचूक ओळखले होते: जे आपण लिहिले नाही, वाचले नाही, तेच आपल्याविरुद्ध साक्ष देते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने हे कबूल केले. गावोगावच्या निबंधकासमोर शेतकऱ्याचे दस्त लिहिले जावेत असे ठरले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे न्यायालयाने रोख्यावर न थांबता व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासावा असे सांगितले. इंग्रज सरकारने हे दयेपोटी केले नाही, दंग्याच्या भीतीने केले. पण तत्त्व मान्य झाले: दोन पक्षांपैकी एकाच्याच हातात लेखणी असेल, तर कागद हा अंतिम पुरावा नव्हे. चारच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कुलकर्ण्यापासून कचेरीतल्या कारकुनांपर्यंत साऱ्या लेखणीवाल्यांचा जो हिशेब मांडला आहे तो याच तत्त्वाचा विस्तार आहे. मजुरीच्या वहीला आपण १८७९ च्या रोख्याइतकाही संशय दाखवायला तयार नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट, वाचनाची. राजस्थानात कोटकिराना येथे २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली. तिथे काय झाले? हजेरीपट मोठ्याने वाचले गेले. बस, एवढेच. कुणाचे नाव कोणत्या कामावर, किती दिवस, किती रुपये; आणि ज्यांची ती नावे ती माणसे समोर बसलेली. ज्यांनी त्या कामावर पाऊल ठेवले नव्हते त्यांची नावे निघाली. हस्ताक्षरतज्ज्ञ लागला नाही. नाव उच्चारले गेले आणि नावाचा धनी उठून 'नाही' म्हणाला. या वाचनातून पुढे १९९६ चे ब्यावरचे धरणे आणि २००५ चा माहितीचा अधिकार आला. संहितेचे असे वाचन आमच्या माहितीत तरी कुठल्या विद्यापीठात झालेले नाही.

आणि तिसरी गोष्ट, अपिलाची. पूर्वी आरोपी सुटला तर सरकारी खटल्यात अपील सरकारनेच करायचे. मजुराला तिथे तोंड नव्हते. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली आणि पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज नाही असेही ठरवले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हा हक्क कायम आहे. आरोपीच्या कृत्यामुळे ज्याचे नुकसान झाले किंवा ज्याला इजा झाली तो पीडित, अशी ती व्याख्या आहे. 'फसला कोण' असे ती विचारत नाही. 'गेले कुणाचे' असे विचारते. दंड संहितेने मजुराला ज्या दारातून बाहेर काढले, त्याच्या शेजारचे हे दार उघडे आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्यांना परवडते त्यांनी पाळावी. मजुराला त्या पायरीवर साक्षीदार म्हणून चढवले जातेच, तर तो पीडित म्हणून का चढू नये?

शेवटी आपल्या वर्गांविषयी. गेली काही दशके मराठी समीक्षेत लेखकाच्या मृत्यूची वार्ता आनंदाने सांगितली जाते. सही म्हणजे केवळ खूण, नाव म्हणजे केवळ संहितेतली जागा, वाचक हाच अर्थाचा धनी, असे आपण शिकवतो. कवितेपुरते ते चालेल. पण कोटकिरान्यात जे उठून 'नाही' म्हणाले त्यांचे सगळे म्हणणे उलटे होते: हे नाव माझे आहे, ही खूण माझी नाही, आणि अर्थ काय ते मला विचारा. नावाचा धनी असणे हा ज्यांना कधी हक्क म्हणून मिळालाच नाही, त्यांच्यासमोर धनीपणाच्या अंताची घोषणा करणे ही चैन आहे. श्रमिकांचे साहित्य अभ्यासक्रमाला लावले म्हणजे आपले काम झाले, असेही नाही. श्रमिकाने लिहिलेले वाचणे वेगळे, श्रमिकाच्या नावाने दुसऱ्यांनी लिहिलेले वाचायला शिकणे वेगळे. दुसरे आपण टाळतो, कारण तिथे सह्या आपल्या वर्गाच्या असतात: मास्तर, कारकून, अभियंता, तपासनीस.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मजुरीच्या वादात खोट्या अंगठ्याच्या पावतीला पावती मानू नये. 'माझ्या समक्ष' असे लिहून सही करणाऱ्याने ते समक्षपण सिद्ध करावे, आणि ते न जमल्यास मजुरी पुन्हा द्यावी. हे दिवाणी ओझे आहे. त्याने कुणी विनापुरावा तुरुंगात जाणार नाही. फौजदारी खटल्यात मजुराला पीडित म्हणून उभे करावे. आणि साहित्याच्या वर्गात वर्षातून एकदा तरी एखादा हजेरीपट आणि एखादे अपिलाचे निकालपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचावे, मोठ्याने वाचावे. त्यात कोण बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि कोणाला बोलू दिले जात नाही, एवढे तीन प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारले तरी पुरे. त्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या त्याच टेबलांपाशी बसणार आहेत आणि वहीच्या तळाशी सही करणार आहेत.